खिडकीबाहेरची खुर्ची

शोकसभेत आमचे अधीक्षक म्हणाले, "मंगलताई अत्यंत शांत आणि नम्र होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही." मी पहिल्या रांगेत बसले होते. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता... शेजारी मंगलचे यजमान, रघुनाथभाऊजी, मान खाली घालून बसलेले, म्हणून गप्प राहिले. नाहीतर तिथंच उभी राहून म्हणाले असते, साहेब, तुम्ही भलत्याच कुणाची तरी शोकसभा घेताय. शांत? अहो, याच माणसाच्या केबिनमध्ये ती अशी ओरडली होती की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले होते. उलट उत्तर दिलं नाही म्हणे! तिनं सुलट उत्तर कधी दिलं होतं ते सांगा. मेलेल्या माणसाला गोड करून टाकलं की त्याचं भांडणही त्याच्याबरोबर संपतं, हे यांना बरोब्बर कळतं. म्हणून मी हे लिहायला बसले आहे. वाचणाऱ्यांना माझा सूर कडू लागला तर लागू दे.

मंगल गेली त्या सकाळी मी औषधांच्या खिडकीवर होते. आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं, नाशिक शहरातलं, गर्दीचं. कॅज्युअल्टीतली सिस्टर खिडकीशी आली, आणि तिच्या हातात चिठ्ठी नव्हती. औषधाच्या खिडकीवर कुणी रिकाम्या हातानं येत नाही. "शैलाताई, बाहेर या," एवढंच ती म्हणाली. घरी डबा भरता भरता मंगलच्या छातीत कळ आली होती, आणि भाऊजींनी तिला रिक्षातून आमच्या दारात उतरवेपर्यंत सगळं संपलं होतं. स्ट्रेचरवर ती पडली होती. हाताला पिठाचे कण तसेच. मला रडू आलं नाही. मला राग आला, तिचाच राग आला. आदल्याच आठवड्यात तिला म्हटलं होतं, अगं, दम लागतोय तुला, दाखवून घे एकदा. तर म्हणाली, "दाखवते गं, एवढी वर्गातल्या मुलींची बॅच संपू दे." अख्ख्या नाशिक जिल्ह्याला वेळेवर गोळ्या घ्या म्हणून दटावणारी बाई, आणि स्वतःचं काय? बॅच संपू दे!

ती मूळची इगतपुरीची, रेल्वेच्या चाळीत वाढलेली. तिचा आवाज खणखणीत होता, आणि त्याचं कारण ती स्वतःच सांगायची. "चार महिने पत्र्यावर असा पाऊस कोसळायचा की हळू बोलणाऱ्याला आमच्या घरी जेवायला मिळायचं नाही." बारावी सायन्स झाल्यावर लग्न होऊन पंचवटीत आली. भाऊजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये. घरात बसून काय करायचं म्हणून जवळच्याच एका मेडिकलमध्ये ती काउंटरवर लागली. त्या काळी हे सर्रास चालायचं, आणि आता पूर्ण थांबलंय असं मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही. दुकान एकाचं, भिंतीवर फ्रेममध्ये सर्टिफिकेट दुसऱ्याचं, आणि औषध देणारं तिसरंच कुणीतरी. ज्याचं सर्टिफिकेट, तो बाबा म्हणे कुठल्या तरी दूध डेअरीत नोकरीला होता. मंगलनं त्याला कधी पाहिलंही नाही. ती मला सांगायची, "शैले, मी रोज सकाळी त्या फ्रेमवरची धूळ पुसायचे, आणि मनात म्हणायचे, मुडद्या, तू ये ना इथं एकदा. ही लाल गोळी कशाची आणि ही पिवळी कशाची, सांग मला!" मालकाला विचारलं तर तो म्हणायचा, तुला काय करायचंय, नाव वाचता येतं ना? वाच आणि दे.

नाव वाच आणि दे. आमच्या सगळ्या व्यवसायाचं वर्णन लोक या चार शब्दांत करतात. मंगल पुढची पंधरा-सोळा वर्षं जे काही भांडली, ते या चार शब्दांशी भांडली.

नव्वदीच्या सुरुवातीला ती आमच्याकडे मदतनीस म्हणून आली. मी तेव्हा नुकतीच फार्मसिस्ट म्हणून लागले होते. आमचा मळा मखमलाबादला. वडिलांनी शेवंती विकून मला फार्मसीचा डिप्लोमा वेळच्या वेळी करू दिला, त्यामुळे मला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. मंगलला होतं. मी गोळ्या काढून द्यायची, ती पाकिटावर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खुणा करायची, आणि करता करता प्रश्न विचारून माझं डोकं खायची. ही जेवणाआधी का? हिच्याबरोबर दूध का नको? कधी कधी मी वैतागून म्हणायचे, अगं बाई, लाईन बघ किती लांब आहे. शेवटी एक दिवस तिनं मला सांगितलं की ती डिप्लोमाला बसतेय. तिशी उलटलेली, पदरात एक मुलगी, आणि वर्गात सगळी अठरा-अठरा वर्षांची पोरं. ती तिला काकू म्हणायची. प्रॅक्टिकलला मलम घोटताना हिच्या बांगड्या वाजायच्या म्हणून मास्तर चिडायचे. तिनं बांगड्या काढून ठेवल्या, तर सासूबाई चिडल्या. दिवसा कॉलेज, संध्याकाळी आमच्याकडे पाळी, आणि घरी गेल्यावर पोळ्या. कसं केलं तिचं तिला माहीत. पास झाली त्या दिवशी पेढे घेऊन आधी त्या पंचवटीतल्या मेडिकलवाल्याकडे गेली आणि त्याच्या काउंटरवर पेढा ठेवून म्हणाली, "आता माझं लटकवता का?" तो हसला. ती हसली नाही, असं तिनंच मला सांगितलं.

आता ती खिडकी कशी होती ते सांगायला हवं. काचेची भिंत, त्यात खाली अर्धगोल भोक. ते इतकं खाली की उंच माणसाला कमरेत वाकावं लागायचं आणि म्हाताऱ्यांना मान वाकडी करावी लागायची. पलीकडून हात आत यायचे, चिठ्ठ्या यायच्या, चेहरे क्वचितच दिसायचे. आम्ही आतून ओरडायचो, "सकाळ-संध्याकाळ एक-एक!" आणि पुढचा हात आत यायचा. मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. सगळीकडे असंच होतं.

आणि मग नवरात्र आलं. हिराबाई नावाची गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, फुलं विकणारी बाई होती. तिला फिट यायच्या, त्याच्या गोळ्या आमच्याकडून न्यायची. त्या दिवशी मंगलनं तिला नेहमीसारख्या गोळ्या दिल्या, नेहमीसारखं ओरडून सांगितलं. हिराबाई वाकून काहीतरी विचारायला लागली, पण तेवढ्यात मागच्यानं ढकललं आणि तिच्या जागी दुसरा हात आला. हिराबाईनं घट बसले त्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. नऊ दिवसांचा कडक उपवास. गोळीत काय घातलेलं असतं कुणास ठाऊक, उपवास मोडला तर? मधल्याच एका दिवशी स्टोव्हवर भगर शिजवताना तिला फिट आली आणि ती स्टोव्हवरच पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आमच्याच जळितांच्या वॉर्डात आणली. मंगल औषधं घेऊन वर गेली तेव्हा ती म्हणाली, "बाई, मी त्येच इचारत व्हते तुमाला. गोळी उपासाला चालती का. मागच्यानं ढकललं मला."

मंगल खाली आली ती थेट स्टोअरमध्ये. खोक्यावर बसली. मी म्हटलं, तुझी काय चूक, तिनं डॉक्टरांना विचारायला हवं होतं. तशी माझ्यावर उखडली. "डॉक्टरांना विचारणार होय? डॉक्टरपुढं बाईमाणूस उपवासाचं बोलतं का कधी? तू बोलशील? ती मला विचारत होती, शैले, मला! आणि मी त्या भोकातून तिचं तोंडसुद्धा बघितलं नाही. नाव वाच आणि दे, दुसरं काय केलं मी?" त्या दिवसानंतर तिनं एकच मागणी लावून धरली. खिडकीच्या बाहेर, पेशंटच्या बाजूला, एक टेबल आणि दोन खुर्च्या. एक पेशंटला, एक आमच्यातल्या कुणाला तरी. औषध हातात दिल्यावर ज्याला विचारायचंय त्यानं तिथं बसायचं. बस्स. काय मोठं राजसिंहासन मागत होती?

पण केवढा गहजब! व्यवस्थापनाचं म्हणणं, जागा नाही. जागा होती. तिथं कुंडीत एक मेलेलं झाड उभं होतं. मग म्हणे, फार्मसिस्टचं काम औषध देणं, सांगणं डॉक्टरांचं. काही डॉक्टरांनी नाकं मुरडली. औषधवाली बाई समजावत बसली तर पेशंट आम्हाला कशाला विचारतील? आमचे हे शांत-नम्र म्हणणारे अधीक्षक तेव्हा नवीन होते. ते म्हणाले, "मंगलबाई, तुम्ही आपल्या जागेवर बऱ्या." त्याच दिवशी ती केबिनमध्ये ओरडली. "माझी जागा काचेच्या मागं आहे हे कुणी ठरवलं? हिराबाईचा हात बघून या आधी वर जाऊन, मग जागेचं सांगा मला!" बाकावरचे पेशंट उभे राहिले ते तेव्हाच. नोकरी जाणार म्हणून मी देव पाण्यात घातले होते. गेली नाही. झाड हललं आणि टेबल आलं, पण ते तिच्या ओरडण्यानं नव्हे. हिराबाईच्या गल्लीतल्या बायका ट्रस्टींच्या घरी जाऊन बसल्या म्हणून आलं. मंगललाही हे माहीत होतं, आणि ती ते उघड सांगायची.

टेबलावर बसल्यापासून तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "उपवास कोणकोणते करता?" सोमवार, चतुर्थी, एकादशी, रोजे असतील तर रोजे. साखरेची गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणारी माणसं असतात, आणि उपवास म्हणून रक्तदाबाची गोळी सोडणारीही. ते ती बोलतं करून काढायची. पण म्हणून तिला देवी करू नका. तिचं चुकलंही. एका निवृत्त मास्तरांना चक्कर येत होती. तिनं परस्पर सांगून टाकलं, बीपीची गोळी डॉक्टरांना भेटेपर्यंत अर्धी घ्या. मास्तर अर्ध्या गोळीवर खूश झाले आणि डॉक्टरांकडे फिरकलेच नाहीत. पुढं आले तेव्हा बीपी आभाळाला टेकलं होतं. मेडिसिनचे डॉक्टर खाली उतरले आणि त्यांनी सगळ्यांसमोर तिला फाडून खाल्लं. आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या राउंडला जाता-येता त्यांनी कधी तिच्या टेबलाला नाक मुरडलं नव्हतं, हेही खरं.

संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या ओपीडीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी बरोबर होते, म्हणून ऐकलं. "चुकलं माझं, डॉक्टर. डोस बदलणं माझं काम नव्हे. पण मला जे दिसतं ते तुम्हाला कसं सांगायचं, हे तरी शिकवा. मला राउंडला न्या." डॉक्टर म्हणाले, "सकाळी लवकर येता येईल?" तिनं घरी विचारलंही नाही, हो म्हणाली. तेव्हापासून आमच्या हॉस्पिटलात फार्मसिस्ट वॉर्डात जायला लागला. कुणी जीआर काढला नाही, कुणी फीत कापली नाही. एक बाई चुकली, चूक कबूल करून पुढचं मागायला गेली, आणि एका डॉक्टरानं शहाणपणा केला. एवढंच घडलं.

मग तिनं वर्ग सुरू केला. ओपीडी संपली की दुपारी, आमच्या काउंटरवरच्या मदतनीस मुलींचा. कुठली गोळी काय करते, स्ट्रिप कापताना नाव आणि तारीख असलेला तुकडा पेशंटलाच का द्यायचा, कुठल्या प्रश्नाला 'मला माहीत नाही, विचारून सांगते' म्हणायचं. या शेवटच्यावर तर तिचा फार जोर. मास्तरांच्या बीपीनं शिकवलं होतं तिला. दुसऱ्या मेडिकलांतल्या मुलीही येऊन बसायला लागल्या. येवल्याहून एक जण एसटीनं यायची. रेखा याच वर्गातली. ती मदतनीस होती. मंगलनं तिच्या मागं लागून लागून तिला डिप्लोमा करायला लावला, नंतर टेबलाच्या मागं आपल्या शेजारी बसवलं, वॉर्डात नेलं. गेली दोन-तीन वर्षं मंगल वर असली की खाली रेखा बसायची, आणि पेशंटला फरक कळायचा नाही. शेवटच्या दिवसांत मंगल मला म्हणायची, "माझ्यानंतर खुर्ची रिकामी राहता कामा नये. रेखा तयार आहे. तेवढं झालं की मी सुटले." मी म्हणायचे, कुठं चाललीस एवढ्यात? ...

तर आता ऐका, पुढं काय झालं. तेराव्याचं जेवण पचलं नसेल, तोवर टेबल गेलं. खुर्च्या बिलिंगला दिल्या. त्या जागी काचेचं शोकेस आलं. प्रोटीन पावडरचे डबे, बाळांचे साबण, म्हाताऱ्यांचे वॉकर. अधीक्षक म्हणाले, ती व्यवस्था मंगलताईंची वैयक्तिक होती, पद मंजूर नव्हतंच कधी. रेखाला पुन्हा काचेच्या मागं घेतलं. आणि शोकेसच्या वर, भिंतीवर, हार घातलेला मंगलचा मोठा फोटो! खाली पट्टी, 'सेवामूर्ती'. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बाई भिंतीवर चालते, खुर्चीवर चालत नाही. मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, फोटो भाऊजींकडं पाठवा आणि रेखाला खुर्ची द्या. तर मान हलवून म्हणतात कसे, "तुमच्या भावना मी समजू शकतो." माझ्या भावना गेल्या चुलीत! मी खुर्ची मागतेय, आणि हे मला भावना देतायत.

पण पेशंटना कुठं माहीत पद मंजूर होतं की नव्हतं? मंगलनं अलीकडं एक नवीन सवय लावली होती सगळ्यांना. पुढच्या खेपेला घरात असतील नसतील तितकी औषधं पिशवीत घालून आणा, आपण मिळून बघू. आणि माणसं आणतात हो. अजून आणतात. महिना उलटून गेला तरी रोज कुणी ना कुणी गोळ्यांची पिशवी घेऊन येतं आणि त्या शोकेससमोर उभं राहतं. डबे बघतं, वर फोटो बघतं, आणि मग त्यांच्या लक्षात येतं. काही जण हात जोडतात आणि पिशवी तशीच घेऊन परत जातात. हे काचेच्या आतून बघत बसणं म्हणजे काय ते मी सांगू शकत नाही.

परवा सुरगाण्याकडचा एक म्हातारा आला. पहाटेची एसटी धरून आलेला. फोटो त्यानं पाहिलाच नाही. खिडकीशी वाकून म्हणाला, "ती बाय कुठं हाय? पिशवी घेऊन ये म्हनली व्हती." मागून लाईन ओरडायला लागली. मी रेखाकडं बघितलं. ती आधीच उठली होती. म्हटलं, "जा. खिडकी मी सांभाळते." ती बाहेर गेली. तिथं बसायला काही नव्हतं. म्हातारा आपल्या सवयीनं भिंतीला टेकून खाली उकिडवा बसला, तशी रेखाही पांढऱ्या कोटासकट त्याच्यासमोर फरशीवर बसली. पिशवी ओतली. मी हातानं गोळ्या मोजत होते आणि कान तिकडं होते. दोन दवाखान्यांच्या दोन चिठ्ठ्या, दोन कंपन्यांची दोन नावं, आणि औषध एकच. म्हातारा दोन्ही घेत होता, नेमानं. "बाबा, ही आणि ही एकच आहे. चक्कर येते का?" "येती ना. लय येती." ती म्हणाली नाही की ही घेऊ नका, ती घ्या. म्हणाली, "चला, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडं जाऊ, त्यांना विचारू." आणि त्याला हाताला धरून वर घेऊन गेली. परत आली तोवर आणखी एक बाई पिशवी मांडीवर घेऊन तिथंच भिंतीला टेकून बसली होती.

तेवढ्यात अधीक्षक आले. "हे काय चाललंय? कर्मचारी जमिनीवर बसतात? लोक काय म्हणतील?" मी खिडकीच्या भोकापाशी वाकले आणि आख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "खुर्ची नाही म्हणून खाली बसलीय, साहेब."

मला मेमो मिळाला आहे. खुर्ची अजून आलेली नाही. रेखा रोज दुपारपर्यंत खालीच बसते.